बेचाळीस नंबरचे पाऊल

स्त्रीच्या रूपाचे वर्णन करताना डोळ्यांना विशालतेची मुभा आहे, केसांना लांबीची आहे, पावलांना मात्र मोठे होण्याची मुभा कोणी दिलेली नाही. पाऊल नाजूकच हवे, चिमुकलेच हवे. दिवाळीत उंबऱ्यापासून देवघरापर्यंत आपण रांगोळीने लक्ष्मीची पावले काढतो, तीही तळहातावर मावतील एवढीच असतात. हा समज केवळ आपलाच नाही. फ्रेंच लेखक शार्ल पेरो याने १६९७ मध्ये सिंड्रेलाची गोष्ट प्रसिद्ध केली. तिच्यात राजपुत्राला वधू ओळखायची असते ती एका चिमुकल्या पादत्राणावरून, आणि ते राज्यातील दुसऱ्या कोणत्याही मुलीच्या पायात जात नाही. चीनमध्ये तर शतकानुशतके मुलींची पावले लहानपणीच घट्ट बांधून त्यांची वाढ खुंटवली जात असे. १९१२ मध्ये तेथे प्रजासत्ताक आले, तेव्हा त्या प्रथेवर बंदी घालण्यात आली. आपल्याकडे पाऊल कोणी बांधले नाही. मोठे पाऊल साडीच्या निऱ्यांखाली लपवून ठेवण्याची शिकवण मात्र मुलींना न बोलता मिळत गेली.

माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे आणि माझ्या पादत्राणाचा नंबर बेचाळीस आहे. विवाह होऊन जळगावला आले तेव्हा गृहप्रवेशाच्या वेळी कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून पांढऱ्या वस्त्रावरून चालले. मागे उमटत गेलेल्या ठशांकडे पाहून जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. सासूबाईंनी ती ऐकली आणि मोठ्याने म्हणाल्या, "पाऊल भरीव आहे, घरही भरलेले राहील." त्या एका वाक्याने कुजबुज थांबली. ते वस्त्र त्यांनी घडी घालून आपल्या कपाटात ठेवले आणि माझ्या पावलांचा विषय आमच्या घरापुरता तेथेच संपला.

बाजारात तो संपला नाही. दुकानात शिरावे, काचेमागची मोत्यांच्या पट्ट्यांची, नक्षीदार टाचेची सँडल दाखवावी आणि नंबर सांगावा, की विक्रेता आधी माझ्या चेहऱ्याकडे पाही आणि मग पायांकडे. "ताई, लेडीजमध्ये एवढा नंबर येतच नाही. जेंट्समध्ये बघा." जळगावात हेच उत्तर, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर हेच आणि मुंबईतही हेच. कोणी भला माणूस आतून एखादा जोड शोधून आणी, तो काळा किंवा तपकिरी, जाड पट्ट्यांचा, रुग्णालयात पाळीवर निघालेल्या परिचारिकेला शोभावा असा. मोठ्या मापाच्या पायाला सोयीची गरज असते हे बाजाराला उमगलेले होते. त्या पायाच्या मालकिणीलाही भावाच्या लग्नात, पैठणीखाली, काहीतरी सुंदर घालावेसे वाटते हे अजून उमगायचे होते.

हा नंबर म्हणजे नेमके काय, याची उत्सुकता मला व्यापारी घरात आल्यावर लागली. पादत्राण ज्या साच्यावर घडवतात त्याला जुने लोक कलबूत म्हणतात. पूर्वी तो लाकडाचा असे, आता प्लॅस्टिकचा असतो. युरोपीय पद्धतीत या कलबुताच्या लांबीचे दोन तृतीयांश सेंटिमीटरचे भाग पाडतात आणि जितके भाग, तितका नंबर. म्हणजे माझे बेचाळीस हे अठ्ठावीस सेंटिमीटरचे कलबूत झाले. प्रत्यक्ष पाऊल त्याहून सुमारे दीड सेंटिमीटर कमी असते, कारण बोटांपुढे मोकळी जागा लागते. इंग्रजी पद्धत याहून जुनी आहे. तिचा पाया म्हणजे जवाचा दाणा! तीन जवांचा एक इंच, आणि एका नंबरापासून पुढच्या नंबरापर्यंत एका जवाचे अंतर. आपल्या जुन्या ग्रंथांतही आठ यवांचे एक अंगुल सांगितले आहे, त्यामुळे हे वाचून मला त्या परक्या मोजणीविषयी थोडी आपुलकी वाटली. इंग्रजी मापात माझा नंबर आठ. त्या पद्धतीत पुरुषांचा आठ आणि स्त्रियांचा आठ लांबीने एकच असतो. फरक असतो तो रुंदीचा आणि घडणीचा. म्हणूनच "जेंट्समध्ये बघा" हा सल्ला लांबीपुरता बरोबर ठरतो आणि टाचेला सैल होतो.

आपल्याकडच्या पुष्कळ दुकानांत स्त्रियांची मापे छत्तीसला सुरू होऊन चाळिसावर, फार तर एकेचाळिसावर थांबतात. ही मापेही आपल्या पायांवरून ठरलेली नाहीत. इंग्रजांच्या राज्यात इंग्रजी नंबर आले आणि पुढेही तेच चालत राहिले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पावलांची मापे घेतली आणि त्यांवरून भारतीय पायांसाठी 'भ' नावाची नवी मापपद्धती सुचवली. भारतीय पावले युरोपीय वा अमेरिकन पावलांपेक्षा साधारणतः रुंद असतात, असे त्या पाहणीत आढळले. परक्या कलबुतावर घडलेले पादत्राण आपल्या पायाला लांबीत बसले तरी करंगळीशी का चावते, याचे उत्तर यात आहे. पुष्कळ बायका रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतात, आणि ज्यांचा नंबर आधीच शेवटचा असतो त्यांना तेवढीही सोय उरत नाही.

आपल्या घरांत यात आणखी एक अट असते. आमच्याकडे चामडे वापरत नाहीत. पायात असेल ते कापडाचे, ज्यूटचे, रबराचे किंवा कृत्रिम रेक्झिनचे. चामड्याचा स्वभाव असा, की ते वापराने थोडे सैलावते आणि पायाचा आकार घेते. "चार दिवस घाला, सैल होईल," हे विक्रेत्याचे नेहमीचे वाक्य चामड्यापुरते खरे आहे. कृत्रिम माल फारसा सैलावत नाही. पहिल्या दिवशी जेथे टोचतो तेथेच तो वर्षभर टोचत राहतो. म्हणून जी स्त्री चामडे वर्ज्य करते तिने तर अचूक मापाबाबत मुळीच तडजोड करू नये. माल ओळखण्यासाठी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याचेही कारण नाही. पुष्कळ जोडांच्या तळाशी किंवा आतल्या बाजूस छोट्या खुणा छापलेल्या असतात. अंथरलेल्या कातड्याच्या आकाराची खूण असेल तर ते चामडे. त्याच आकारात एक चौकट असेल तर वर थर दिलेले चामडे. विणलेल्या जाळीची खूण असेल तर कापड. आणि शंकरपाळ्यासारखी कोरी चौकट असेल तर रबर, रेक्झिन यांसारखा इतर माल. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांच्यासाठी वेगवेगळ्या खुणा असतात. तिन्ही पाहाव्यात, कारण वरून कापड आणि आतून चामडे असा मेळही आढळतो.

हा सारा खटाटोप केवळ नटण्यासाठी, असे कोणास वाटेल. माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीची, आमच्या भुवाजींची हकिकत सांगते. त्यांचे पाऊलही माझ्यासारखेच बेचाळीसचे. आमच्या घराण्यातील हा वारसा भुवांकडूनच चालत आलेला आहे. घरात त्या मोकळ्या सपाता घालत. लग्नकार्याला, मंदिराच्या प्रतिष्ठा-महोत्सवाला मात्र चाळीस नंबरचे, निमुळत्या तोंडाचे सोनेरी जोड घालून जात, कारण शोभेच्या पादत्राणांत त्यांना याहून मोठे कधी मिळालेच नाही. पंचवीस वर्षांत दोन्ही पायांचे अंगठे शेजारच्या बोटांवर कलले आणि अंगठ्यांच्या मुळाशी हाडाचे उंचवटे आले. त्यातच मधुमेह जडला. मधुमेहाने पायाची संवेदना मंदावते, हे आपल्या घरांत आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. एका लग्नात भुवाजी दिवसभर त्या सोनेरी जोडात वावरल्या. बोटाला फोड आला तो त्यांना कळलाच नाही. चौथ्या दिवशी पाय सुजला, महिनाभर जखम चिघळली आणि अखेर शस्त्रक्रिया करून डाव्या पायाचे एक बोट काढावे लागले. रुग्णालयात डॉक्टरांनी त्या जोडाचा तळ आणि भुवाजींच्या पायाचा कागदावर काढलेला आकार शेजारी ठेवून दाखवला. आकार तळाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत होता. भुवाजी शांतपणे म्हणाल्या, "मला वाटायचे, दुखणे हे नटण्याचे मोलच असते."

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात हौसेचा राहिला नाही.

प्रश्न उरला तो एवढाच, की बाजार चाळिसावर थांबतो का? हे मला आमच्या नात्यातील एका पादत्राणांच्या व्यापाऱ्यांनी समजावून दिले. रबराचा किंवा कृत्रिम तळ साच्यात ओतून बनवतात. प्रत्येक नंबराला वेगळा धातूचा साचा लागतो, वेगळे कलबूत लागते. अडतीसचे हजारो जोड खपतात, तेव्हा त्या साच्याची किंमत जोडामागे नगण्य होते. बेचाळीसचे मोजकेच खपतात, म्हणून तीच किंमत जड होते आणि कारखानदार साचाच करत नाही. पुढे ठोक बाजारात एका नमुन्याचा माल सेटने मिळतो. सेटमध्ये मधल्या नंबरांचे जोड अधिक आणि टोकाच्या नंबरांचे एखादे असतात. दुकानदाराला टोकाचा नंबर सुटा मागवता येत नाही, आणि मागवला तर तो पडून राहील ही धास्ती असते. पादत्राणांची तऱ्हा वर्षा-दोन वर्षांत जुनी होते. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेली रोकड, हे आपल्यापैकी कोणास समजावून सांगायला नको. "वहिनी, तुमच्या पायाशी आमचे वैर नाही," ते हसून म्हणाले, "आमच्या गोदामाचे आहे."

त्यांचे बोलणे ऐकताना माझ्या मनातील एक जुनी गाठ सुटली. माझे पाऊल कोणत्याही निसर्गनियमाने मोठे ठरलेले नव्हते. ते ठरले होते साच्याच्या खर्चाच्या हिशेबाने. माझ्या आजीच्या काळी गावात जोडे करणारा कारागीर दारी येई, पाय कागदावर किंवा जमिनीवर ठेवून घेई, कोळशाने कड रेखाटी आणि त्या आकाराचा जोड करून देई. त्याच्या हिशेबी लहान पाऊल नव्हते आणि मोठेही नव्हते. ज्याचे त्याचे पाऊल होते. तयार माल आला, त्याने सोय केली, स्वस्ताई आणली. त्याबरोबर नंबरांची एक शिडीही आली, आणि तिच्या पायरीवर ज्यांचा पाय मावला नाही ते पाय सदोष वाटू लागले.

मला माझ्या मनाजोगते पहिले पादत्राण मिळाले तेही हाताच्या कामातूनच. एका विवाहानिमित्त जोधपूरला गेले होते. मोजडी ही तिकडची जुनी कला. परंपरेने ती चामड्याची आणि डाव्या-उजव्या पायाचा भेद न ठेवता घडवलेली असते. वापराने ती आपापल्या पायाची होते. आता तेथे कापडावर भरतकाम करून, रबरी तळ लावूनही मोजड्या करणारे कारागीर आहेत. त्यांपैकी एकाकडे मी भीतभीतच नंबर सांगितला. त्याने मान वर न करता वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि म्हणाला, "पाँव रखिए." दोन्ही पायांची कड पेन्सिलीने रेखली, पंजाचा घेर दोऱ्याने मोजला. चामडे नको म्हटल्यावर अस्तरही सुती घातले. आठ दिवसांनी डाळिंबी रंगाच्या मखमलीवर जरीचे मोर असलेला जोड हातात आला. कापड सैलावणार नाही हे जाणून त्याने डाव्या-उजव्या पायाचा आकार वेगळा ठेवला होता. त्या दिवशी लग्नमंडपात मी साडी बोटभर वर नेसले, हे येथे सांगायला हरकत नाही.

त्या मोजडीने माझ्यासाठी एक दार उघडले. परतल्यावर महिला मंडळाच्या बैठकीत एकीने कानाशी येऊन विचारले, "कोठे मिळाली? माझाही नंबर एकेचाळीस आहे, पण कोणाला बोलू नका." मग दुसरीने विचारले, मग तिसरीने. एक उंच नवी सून तर लग्नात नवऱ्याच्या चपला घालून वावरली होती. लांब घागऱ्यामुळे कोणाला कळले नाही, एवढेच. महिनाभरात माझ्याकडे चौदा जणींच्या पावलांचे कागद जमले. ते घेऊन मी आमच्या त्या व्यापारी नातलगांकडे गेले. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले, मापे मांडली आणि प्रथमच माझ्याशी नातलगासारखे न बोलता व्यापाऱ्यासारखे बोलले. "आगाऊ नोंद असेल तर माल पडून राहण्याची धास्ती कुठे उरली?" त्यांनी हाताने जोडणी करणाऱ्या एका लहान कारखानदाराशी बोलून, चामडे अजिबात न वापरता, कापडी पट्ट्यांचे आणि बुटक्या टाचेचे दोन नमुने एकेचाळीस ते त्रेचाळीस नंबरांत करवून घेतले. किंमत नेहमीच्या मालापेक्षा थोडी अधिक पडली. चौदापैकी एकीनेही घासाघीस केली नाही.

ही गोष्ट त्या व्यापाऱ्यांच्या लक्षात राहिली. आता त्यांच्या गल्ल्याशेजारी एक वेगळी वही असते. तिच्यात टोकाच्या मापाच्या ग्राहकांची नावे, नंबर, रुंदी आणि चामडे चालते की नाही याची नोंद असते. माल आला की ते स्वतः दूरध्वनी करतात. ज्या ग्राहकाचे माप कोठेच मिळत नाही तो मिळालेले दुकान सहसा सोडत नाही, आणि एकटा येत नाही. मुलीला, बहिणीला, जावेला घेऊन येतो. आपल्या समाजात पादत्राणांचा व्यवसाय करणारी कुटुंबे आहेत, त्यांनी या वहीचा विचार अवश्य करावा. तयार कपड्यांच्या पेढ्यांनाही हेच लागू आहे, असे माझ्या यजमानांचे मत आहे.

भगिनींसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. माप सायंकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते. उभे राहून, दोन्ही पायांचे घ्यावे. दोन्ही पाय सारखे क्वचितच असतात, म्हणून मोठ्या पायाचे माप धरावे. लांबी सर्वांत लांब बोटापर्यंत मोजावी. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्याहून लांब असते. अशी बाई नवऱ्यावर हुकमत गाजवते अशी आपल्याकडे एक म्हण्यासारखी समजूत आहे. तिच्या भयाने ते बोट दुमडून माप देऊ नये! बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. बाळंतपणानंतर आणि वय वाढेल तसे पायाची कमान थोडी खचते आणि पाऊल लांब-रुंद होते, म्हणून लग्नातला नंबर जन्मभर धरून बसू नये. घरात मधुमेहाचे कोणी असेल तर रोज रात्री त्यांच्या पायांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी पाहाव्यात आणि नवा जोड पहिल्याच दिवशी सलग फार वेळ घालू देऊ नये.

मातांसाठी आणखी एक. वर सांगितलेल्या पाहणीत असे दिसले, की मुलींच्या पावलांची वाढ साधारण अकराव्या वर्षी शिखर गाठते, मुलांची पंधरा-सोळाव्या. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे पाऊल आईच्या पावलाएवढे दिसले, तर "आताच एवढे, मग पुढे किती?" असे तिच्यासमोर बोलू नये. बहुधा ते आपल्या पूर्ण मापाला पोचलेले असते. माझी भाची तेराव्या वर्षी एकेचाळिसाला आली. शाळेच्या स्नेहसंमेलनात नृत्यासाठी सर्व मुलींना एकसारखे चंदेरी जोड आणले, तिच्या मापाचा त्यांत नव्हता. घरी येऊन तिने सांगितले की तिला नाचायचेच नाही. माझ्या भावजयीने मला कळवले. त्या वहीमुळे आठवड्यात चंदेरी कापडाचा जोड करून मिळाला. ती नाचली. दुसऱ्या रांगेत, उंच म्हणून मागे, पण नाचली.

भुवाजी आता शहात्तर वर्षांच्या आहेत. पायाचे एक बोट नाही, चालताना काठी लागते. गेल्या पर्युषणानंतर क्षमापनेसाठी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्यासाठी रुंद तोंडाची, मऊ अस्तराची, फिकट जांभळ्या कापडाची एक सपाट मोजडी नेली होती. माप त्यांच्या त्या रुग्णालयातल्या कागदावरूनच घेतले होते. त्यांनी ती घातली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, "हिला विचार, हिच्यात हिरवा रंग येतो का?"

येत्या हिवाळ्यातील लग्नसराईसाठी आमच्याकडे नवी नोंद सुरू झाली आहे. ज्यांचा नंबर एकेचाळीस किंवा त्याहून मोठा आहे, त्या भगिनींनी आपल्या पावलांचा कागद आपल्याच गावातील ओळखीच्या व्यापाऱ्याकडे द्यावा आणि चार मैत्रिणींचेही द्यावेत. एक कागद पाहून तो कदाचित नाही म्हणेल. दहा कागद पाहून तो हिशेब मांडायला बसेल.